मेढींवर टेकवलेली सायकल

भिंगारचा आमचा सायकल ग्रुप लग्नं, बदल्या आणि गुडघेदुखीत संपला. आता रविवारी मी एकटीच निघते. त्या दिवशी मढीकडे जाणारी जुनी खडीची वाट धरली. दोन्ही बाजूंना दाट बाभळी. वस्त्यांवर कुलपं, सगळे ऊसतोडीला गेलेले.

एका लिंबाखाली वर बेचकं असलेल्या दोन लाकडी मेढी रोवलेल्या होत्या. पैठणहून मढीच्या देवाला गोदावरीचं पाणी आणणारे पूर्वी तिथे घुंगरू बांधलेली कावड टेकवायचे, कारण ती जमिनीला लागू द्यायची नसते. माझ्या सायकलला स्टँड नाही. मी ती मेढींवर टेकवली आणि बाटलीतलं पाणी संपवलं.

निघाले तर सायकल जड. टायरमध्ये हवा भरपूर होती. चढावर मागे घुंगरू वाजायला लागलं. मी थांबले की तेही थांबायचं. मग माझा उजवा खांदा गार पाण्याने भिजला.

पुढच्या वस्तीवर एक म्हातारी दारात एकटीच बसली होती. मला पाहताच तिने चपला काढल्या आणि तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं.

"अहो आजी, हे काय?" मी दचकून उतरले आणि सायकल आडवी ठेवायला वाकले.

"खाली ठिवू नका बाई!" ती किंचाळली. "दुसरा खांदा मिळूस्तोर धरा."

"कधी मिळेल?"

"या वाटंनं आता कोनी येत न्हाई. समदे टेम्पोनं जात्यात."

ती आत गेली. तिने कडी लावल्याचा आवाज आला.