उजेड किती वळला

लोणारच्या स्टँडवर एसटी लागायला अजून थोडा वेळ होता. गुलनाजनं पाण्याची बाटली ठेवायला बॅग उघडली, तर कपड्यांच्या घडीतून एक काळंभोर, जडशीळ लोहचुंबक निघालं.

"अब्बा, हे तुम्ही ठेवलं?"

बशीर चोरी पकडल्यासारखा हसला. उभा जन्म रेडिओ अन् स्पीकर दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. लेकीला द्यायला त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. याच चुंबकाला दोरी बांधून पाच वर्षांची गुलनाज ते सरोवराच्या वाटेनं फरफटत न्यायची. काळी रेती चिकटली की धावत दुकानात यायची. "अब्बा, पाहा, याले दाढी आली!" मग गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून बशीर ती दाढी बोटांनी विंचरत बसायचा. काय दिवस होते ते! आता दाढी त्याची स्वतःची पिकली होती.

"मले नाही नेता येत, अब्बा," गुलनाज हळूच म्हणाली. "माह्या कामाच्या जागी असं चुंबक चालत नाही."

बशीरचा चेहरा पडला. पोरगी चुंबकांचाच अभ्यास करायला पाच वर्षं जर्मनीला चालली होती, अन् घरचं चुंबक तिला चालत नव्हतं. उद्या घर तरी चालेल का? महिनाभर त्याला हाच घोर लागला होता.

"काऊन वं? चुंबकाले चुंबकाचं वावडं?"

"आमचं लय नाजूक असते. एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. हे जवळ नेलं का त्याचं तोंडच फिरून जाते."

"मंग त्याचं तोंड कोणीकडं हाये, हे पाह्यता कसं?" रुसव्यातही बशीरमधला कारागीर गप्प बसेना.

"उजेड टाकून. उजेड त्याच्यावर पडून माघारी येते ना, तवा जरासा वळलेला असते. कोणीकडं वळला, त्याच्यावरून समजते."

"मले दिसन?"

"नाही, अब्बा. लय थोडा वळते तो. नुसत्या डोळ्याले नाही दिसत."

बशीरनं चुंबक सदऱ्याच्या खिशात टाकलं. तेवढ्यात गाडी लागली. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. गुलनाज खिडकीशी जाऊन बसली, समोर बघत, ओठ घट्ट मिटून. गाडी हलली, फाटकातून बाहेर पडली आणि धुरळा मागे ठेवून गेली.

"पोरीनं मांगं वळून पाह्यलंच नाही, बशीरभाई," टपरीवर चहा गाळता गाळता निवृत्ती हळहळला.

बशीर रस्त्याकडेच बघत होता. खिशातलं चुंबक त्यानं मुठीत घट्ट धरलं होतं.

"पाह्यलं," तो म्हणाला. "तुले नाही दिसलं."