तिरपा उजेड

हिरामात्सुने काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. एक आखूड, एक लांब.

"दोन्ही अगदी जवळून फोटो काढण्यासाठीच आहेत, वहिनी. आखूड हलकी आहे, पण तिच्यासाठी भांड्याला नाक टेकवावं लागतं. मग आपलीच सावली पडते. लांबडी जड आहे, पण वीतभर मागे राहता येतं."

"सावली नको," तोकिए म्हणाली. "माती दिसायला हवी."

तिच्या नवऱ्याची, इसाओची भांडी म्हणजे नुसती माती. त्यांना ना झिलई, ना रंग. भट्टीतली राख आणि जाळ अंगावर जे काढून जाईल तीच नक्षी. तो गेल्या हिवाळ्यात वारला. आता संग्रहालय त्याच्या भांड्यांचं पुस्तक काढणार होतं आणि फोटो नेहमीप्रमाणे तोकिएच काढणार होती. जुन्या लेन्सने आकार छान यायचे. भांड्याची कातडी मात्र धुरकट व्हायची. म्हणून ती आपल्या इम्बे गावाहून गाडीने ओकायामाला आली होती.

"इसाओ असता तर म्हणाला असता, भांडं हातात धरायचं असतं, त्याचे फोटो काय काढता!" हिरामात्सु हसला. इसाओचा शाळेपासूनचा मित्र होता तो. "आणलंय का काही? लावूनच बघू."

तोकिएने गाठोडं सोडलं. आत एक बुटकी बरणी होती. गळा वाकडा, तोंड धड पुरं न केलेलं. पुस्तकात ती जाणार नव्हती. वाटेत टवका उडाला तरी चालेल म्हणून तिने हीच उचलली होती. कारखान्याच्या मागच्या फळीवर ही बरणी कायम तीच एक बाजू भिंतीकडे करून असायची. इसाओने ती कधी विकायला काढली नाही, कुणाला दाखवलीही नाही.

हिरामात्सुने बरणी फिरवून पाहिली. राख न बसलेली बाजू पुढे घेतली, लांब लेन्स चढवली आणि टेबलावरचा दिवा खाली वाकवून उजेड आडवा सोडला.

"समोरून उजेड टाकला की सगळं सपाट होतं. असा तिरपा टाकला की बारीक रेघसुद्धा उठून दिसते."

त्याने फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केला. मातीचा कण न् कण दिसू लागला. तोकिएने मान डोलावली. हिरामात्सु फोटो खाली सरकवत बरणीच्या बुडापाशी आला आणि थांबला.

"अरे, हे बघा."

बुडाशी ओळीने चार खळगे होते. तोकिएने ते आधी पाहिले होते. भट्टीत शेजारचं भांडं टेकलं असेल, असंच तिला वाटायचं. पडद्यावर त्या खळग्यांत बारीक गोल रेघा होत्या. एकात एक शिरलेल्या.

"बोटं आहेत," हिरामात्सु म्हणाला. "कुणा लहान मुलाची. माती चांगलीच ओली असणार. आणि शेजारी हा इसाओचा अंगठा, जाडजूड. पुसायला घेतलं होतं त्याने. ही करंगळी बघा, अर्धी गेलीय. मग का थांबला, कोण जाणे."

 तोकिएने काउंटरची कड धरली.

त्यांच्या लेकीला, मिवाला तळ्यातून बाहेर काढलं त्या संध्याकाळी हीच बरणी चाकावर होती. स्मशानातून परतले तेव्हाही ती तिथेच वाकून सुकली होती. पुढच्या भट्टीत इसाओने तीही भाजली. पोर जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून ठेवली असेल, असं समजून तोकिएने कधी विचारलं नव्हतं.

"वहिनी? बसता का जरा? चहा सांगू?"

"हे पुसणं..." तिने पडद्याकडे बोट केलं. "भांडं सुकल्यावर करता येतं?"

"छे. तुम्हाला मी काय सांगायचं! ओलं असतानाच. बोटं उमटली त्याच वेळी पुसलेलं हे."

मिवाला शोधत त्या दुपारी ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून कारखान्याच्या दारापर्यंत गेली होती. इसाओ पाठमोरा बसला होता, चाकावर ओणवा. तिने दारातूनच विचारलं होतं, "मिवा आली होती का इकडे?" तो वळला नव्हता. त्याचा हात मातीवर तसाच थबकला होता. मग म्हणाला होता, "नाही. इकडे नाही आली."

म्हणून ती वरच्या अंगाला, देवळाकडे शोधत गेली. तळं कारखान्याच्या मागे होतं.

पुढे सगळा जन्म दोघं एका ताटलीतले मासे वाटून खात आली. मिवाचं नाव निघालं की तो उठून भट्टीसाठी लाकडं फोडायला जायचा. एवढं दुःख झालंय बिचाऱ्याला, असं ती शेजारणींना सांगायची.

हिरामात्सु दिवा बंद करायला वाकला.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली.

तो मागे सरला. त्याने हळूच विचारलं, "मग हीच बांधून देऊ ना? लांबडी?"

तोकिए पडद्यावर वाकली होती. अर्ध्या पुसलेल्या करंगळीवरून तिची नजर हलत नव्हती.

"आली होती," ती म्हणाली.