देव्हाऱ्यातला भालेवाला

"चोरटी हाये ही! माझ्या घरात चोरटी नांदून राह्यली!"

राधाकिसननं देव्हाऱ्यातलं ताट अंगणात उपडं केलं. टाक घरंगळले, भंडारा मातीत सांडला. नाणं तेवढं नव्हतं.

जुन्या जालन्याहून आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातलं काशाचं नाणं ते, मागच्या खेपेला त्यानंच ओळखलं होतं. एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसरीकडं शत्रूला भाला खुपसणारा शिपाई. पंजोबाला केदारखेड्याच्या शिवारात मेंढरं चारताना सापडलेलं. घरच्यांना तो खंडोबाच वाटला, म्हणून दर चंपाषष्ठीला चिंचेनं घासून पुजत आलेले. राधाकिसनला मात्र आता त्यात नवी मोटारसायकल दिसत होती.

"परमेश्वर, इचार तुझ्या बायकोला! आई गेली त्या दिवशी देव्हाऱ्यापाशी हीच बसल्ती!"

धाकटा भाऊ परमेश्वर मान खाली घालून उभा. त्याची बायको शिवकन्या मातीतले टाक वेचून पदरात घेत होती. एकेक टाक पुसून ती पदरात ठेवी. ते निवांत वेचणं पाहून तर राधाकिसनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हिचा जीव पहिल्यापास्नं सोन्यात! आईच्या गळ्यातली बोरमाळ काढून मी पेटीत ठेवून राह्यलो, तर ही बया माझ्या मागं. एक मणी द्या, एक मणी द्या! अंगणात आईचं मढं, आन् हिला मण्याची पडली!"

"दादा, बस झालं आता."

"कशाचं बस? आईला माती मी दिली. तिच्या तोंडात शेवटचं विड्याचं पान मी ठेवलं, थोरला म्हणून! तुम्ही काय केलं रे? ए शिवकन्या, उचल भंडारा! खंडोबाची आण घे, न्हाईतर जल्दी घराबाहेर हो!"

शिवकन्या उठली. मातीतला भंडारा तिनं मुठीत धरला.

"घेते आण. नाणं मीच उचललं."

"ऐका! ऐका समद्यांनी!" राधाकिसननं मांडीवर थाप मारली.

"मेलेल्या माणसाला रित्या तोंडानं धाडत न्हाईत, भाऊजी. त्यापायी मणी मागत व्हते. तुम्ही पुरतं ऐकून बी घेतलं न्हाई, अंगावर धावून आल्ते. माझ्या गळ्यात तर सोन्याचा कण न्हाई. मंग देव्हाऱ्यातलं नाणं पानात गुंडाळून तुमच्या हातात दिलं." तिनं मूठ उघडून भंडारा कपाळाला लावला. "तोंडात तुम्हीच ठेवलं. थोरले म्हणून."