वाऱ्यावरचं इंजिन

सासऱ्यांचा कप बशीवर किणकिणला आणि घरातली शांतता मोडली. आंबा घाटातून आल्यापासून माझा नवरा श्रीरंग वडिलांशी बोललाच नव्हता. सासऱ्यांनी गावी जायची पिशवीही भरून ठेवली होती.

त्या दिवशी घाटात श्रीरंगची जुनी बीटल गाडी चढावर तापली, मागच्या बाजूच्या इंजिनातून धूर निघाला. सासरे जन्मभर एसटी चालवलेले. टपरीवरची पाण्याची कळशी उचलून त्यांनी थेट इंजिनावर ओतली. ते इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. पाणी पडताच तडकलं.

आता फोनवर याकूब मिस्त्री विचारत होता, "बोला साहेब, नवं कुठलं बसवू? मोठं घेतलंत तर गाडी उडेल, पण घाटात पुन्हा तापणार. दुसरं जुन्यापेक्षा थोडंच जोरकस, पण दिवसभर चढवा, दगा नाही देणार."

श्रीरंगला कायम मोठंच हवं होतं. तो वडिलांकडे वळला, तशी मी मुलीला घट्ट धरलं. आता काय बोलतोय हा!

"दादा, कुठलं घेऊ?"

"मला काय विचारतोस? मी पाणी ओतणारा माणूस."

"जन्मभर घाट कोण चढलं, मी का तुम्ही?"

सासऱ्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दगा न देणारं घे." आणि खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, आजोबा हसतायत का रडतायत?"