उणे आठ अंशांची बाटली

वैजयंतीबाईंनी फ्रीझर उघडला. "आइस वाईन आहे, बर्फातच ठेवायची," म्हणत नवऱ्यानं काल कोंबलेली बाटली तडकली होती. लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना वाईनमधलं फार कळतं, म्हणून दीड महिना अख्खं पुणं पालथं घालून त्यानं ती मिळवली होती.

बाहेर नवरा आणि जेवायला आलेले व्याही, दोघंही कॅनडातल्या, वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांवर अधिकारवाणीनं बोलत होते. वैजयंतीबाईंनी निमूटपणे कोपऱ्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातलं, सासूबाईंच्या अशक्तपणावरचं द्राक्षासव काढलं, बर्फात गार केलं आणि इवल्याशा ग्लासांतून बाहेर नेलं.

व्याह्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. "वा! उणे आठ अंशांतच खुडलेली द्राक्षं!"

"मला तर उणे नऊ वाटतं," नवरा मान डोलावत म्हणाला.

"लग्नातही हीच हवी, मुकुंदराव. दोन बाटल्या तरी मिळवाच."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. पुन्हा दीड महिना वणवण!

"दोन कशाला?" रिकामे ग्लास गोळा करत वैजयंतीबाई म्हणाल्या, "चांगलं खोकंभर आणू की. सकाळी भाजीला जाईन, तेव्हा मीच सांगून येते."