सूनबाईचा कार्ब्युरेटर

सकाळपासून सुनेचं आपलं एकच! वारलेल्या सासऱ्यांच्या जुन्या मोटारीत डोकं खुपसायचं, कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान देऊन ऐकत राहायचं. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, तरी ही ढिम्म. सासूबाईंचं डोकं फिरलं. तेवढ्यात इंजिन नेहमीसारखं खोकलं, धापा टाकू लागलं आणि मग त्याचा आवाजच गेला.

"पडली ना बंद? आता तरी नेऊ दे त्याला."

सुनेनं सासूबाईंचा हात धरून मडगार्डवर ठेवला. इंजिन चालू होतं, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या छातीसारखं. सासूबाईंना हात काढवेना.

"ह्यांनी जन्मभर हिला नुसतं खोकवलं, आणि वर ऐट केली," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, गाडी त्यांची नव्हतीच कधी. तुझी आहे."