लेखिकेचं नाव

हे सॉफ्टवेअर आम्रपालीने लिहिलं. ती स्वारगेटला अपघातात गेली आणि तिसऱ्या महिन्यात नवी आवृत्ती काढताना मी कोडमधलं लेखिका म्हणून असलेलं तिचं नाव खोडून माझं टाकलं.

ते ग्राहकांकडे मूळ कोडच्या रूपात जातं; प्रत्येक मशीनवर ते नव्याने कंपाईल होतं, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तिथेच तयार होतो. बिबवेवाडीच्या ऑफिसात भर दुपारी माझ्या हाताखालच्या रुपालीने ते कंपाईल केलं.

"अभय सर, इथे अजून आम्रपालीताईंचंच नाव येतंय."

कोडमध्ये ते कुठेच नव्हतं. मी मशीन बदललं. तिथेही तेच नाव आलं.

रुपाली माझ्याकडे बघत राहिली. मान खाली घालून मी आम्रपालीचं नाव परत लिहिलं आणि कंपाईल केलं.

नावाच्या जागी एक ओळ उमटली.

"राहू दे, अभय. रुपाली बघतेय म्हणून नको."